गव्हाणीपाशी विदूषकाची जागा

अहमदनगरच्या इतिहासाचा विषय निघाला, की आपल्या डोळ्यांपुढे काही ठरावीक चित्रे उभी राहतात. निजामशाहीची राजधानी, चांदबिबीने लढवलेला किल्ला, १८०३ च्या ऑगस्टात वेलस्लीने तो जिंकल्यानंतर येथे वसलेली इंग्रजांची छावणी आणि १९४२ ते १९४५ या काळात त्याच किल्ल्यात बंदिवासात असलेले पंडित नेहरू व त्यांचे सहकारी. ख्रिस्ती वाचकाला यांच्या जोडीला रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई आठवतात. कॅथलिक वाचकाचे मन केंदळ, वळण, राहुरी, संगमनेर येथील जुन्या मिशनकेंद्रांकडे आणि हरेगावच्या मतमाउलीकडे वळते. आज अहिल्यानगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्याच्या स्मरणयादीत एक नाव मात्र सहसा येत नाही. ते नाव टेरेन्स अ‍ॅलन मिलिगन या आयरिश सैनिकाच्या मुलाचे. १६ एप्रिल १९१८ रोजी तो अहमदनगरात जन्मला आणि पुढे ‘स्पाइक मिलिगन’ म्हणून इंग्रजी भाषिक जगाला ठाऊक झाला. १९९९ साली बीबीसीने आपल्या इंटरनेटवरील वाचकांचा कौल घेतला, तेव्हा गेल्या हजार वर्षांतील सर्वांत विनोदी व्यक्ती म्हणून त्यांनी मिलिगनचीच निवड केली.

गावचा पुत्र म्हणून त्याचा गौरव करावा, एवढ्यासाठी हे लिखाण नाही. त्याचे बालपण पुण्यात आणि रंगूनमध्ये गेले, हयात इंग्लंडात सरली. नगरच्या वाट्याला त्याचा जन्म तेवढा आला. परंतु ब्रिटिश कौटुंबिक विनोदी मालिकांच्या उगमापाशी हा माणूस उभा आहे, आणि त्या मालिकांच्या इतिहासात एक प्रश्न सतत डोके वर काढतो: माणूस नेमका कोणाला हसतो, आणि हसताना कोणाला घराबाहेर काढतो? नाताळच्या रात्री धर्मग्रामाच्या मंचावर नाटुकली सादर करणाऱ्या आपल्या कुटुंबांना हा प्रश्न परका नाही.

छावणीतील आयरिश घर

१९१८ सालचे नगर युद्धाच्या छायेत होते. हिंदुस्थानात राहणाऱ्या जर्मन व ऑस्ट्रियन नागरिकांना स्थानबद्ध करण्यासाठी येथील छावणीत मोठा तळ उभारण्यात आला होता. त्यांत व्यापारी होते, तंत्रज्ञ होते आणि मिशनरीही होते. मुंबई-पुणे मिशनचे काम तेव्हा जर्मन येशूसंघीयांकडे होते. फादर ओटो वाइसहाउप्ट यांनी १८७० च्या दशकाअखेरीस केंदळ येथे ज्या कार्याचा पाया घातला, ते कार्य त्यांच्या जर्मन बंधूंनीच पुढे नेले होते. महायुद्ध सुरू होताच हे धर्मगुरू शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. काहींना नगरच्या तळावर नजरकैद भोगावी लागली आणि पुढे बहुतेकांना मायदेशी धाडण्यात आले. ज्या जिल्ह्यातील गोरगरिबांसाठी त्यांनी पायपीट केली, त्याच जिल्ह्यात त्यांच्यापैकी काही जण तारेच्या कुंपणाआड बसले.

कुंपणाच्या दुसऱ्या बाजूला साम्राज्याची फौज होती, आणि त्या फौजेतही सरळपणा नव्हता. लिओ मिलिगन हा स्लायगोचा आयरिश कॅथलिक, तोफखान्यातील सैनिक. दोनच वर्षांपूर्वी, १९१६ च्या ईस्टरच्या आठवड्यात डब्लिनमध्ये इंग्रजी सत्तेविरुद्ध उठाव झाला होता व त्याच्या पुढाऱ्यांना गोळ्या घालण्यात आल्या होत्या. अशा काळात एक आयरिश माणूस इंग्रज राजाचा गणवेश अंगावर चढवून, तिसऱ्याच एका पारतंत्र्यातील देशात पहारा देत होता. त्याची पत्नी फ्लॉरेन्स इंग्रज होती. अशा घरात जन्मलेल्या मुलाने आपण कोण, हा प्रश्न आयुष्यभर बाळगला, यात नवल नाही.

लिओला गाण्यानाचण्याची विलक्षण हौस होती. छावणीतील सैनिकांच्या करमणुकीसाठी होणाऱ्या कार्यक्रमांत तो उतरे. फ्लॉरेन्स पियानो वाजवी आणि गाई. सोंगे, नकला, विनोदी गाणी यांचे बाळकडू टेरेन्सला असे घरातच मिळाले. त्या कार्यक्रमांचा प्रेक्षकही ध्यानात घेण्यासारखा आहे. घरापासून हजारो मैलांवर, उन्हाने व तापाने त्रासलेले शिपाई एकत्र बसत आणि आपल्याच कंटाळ्याला व आपल्याच साहेबांना हसत. ब्रिटिश विनोदाचा एक जोमदार प्रवाह अशा छावण्यांतून वाहत गेला आहे.

पुण्यातील नाताळचे नाटक

मिलिगन कुटुंब पुण्यास राहत असताना टेरेन्सला कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी या धर्मभगिनींच्या शाळेत घालण्यात आले. तेथे आठ वर्षांचा असताना त्याने रंगमंचावर पहिले पाऊल टाकले. प्रसंग होता नाताळच्या नाटकाचा. मेंढपाळ, देवदूत, पूर्वेकडील ज्ञानी पुरुष अशा भूमिका इतरांना मिळाल्या आणि टेरेन्सच्या वाट्याला आला विदूषक. अंकांच्या मधल्या वेळात चेहरा रंगवून त्याने लोकांना हसवावे, एवढीच अपेक्षा होती. अखेरच्या दृश्यात सर्व पात्रे बाळ येशूच्या गव्हाणीभोवती जमणार होती. विदूषकाने मात्र तेथे यायचे नव्हते. त्या मुलाला हे पटेना. विदूषकालाही जीवनात काही स्थान आहे, असे त्याला वाटले आणि ऐन वेळी गर्दीतून वाट काढीत तो गव्हाणीपाशी जाऊन उभा राहिला. ही आठवण मिलिगन मोठेपणी सांगत असे.

आपल्या परंपरेत या मुलाच्या बाजूने बोलणारे पुष्कळ आहेत. संत फ्रान्सिस असिसीकरांनी १२२३ साली ग्रेच्चो येथे जिवंत बैल-गाढवांसह गव्हाण उभी केली. देवाचा आनंद लोकांना डोळ्यांनी दिसावा, हाच त्यामागचा हेतू होता. त्यांचे अनुयायी स्वतःला प्रभूचे भाट म्हणवीत. संत फिलिप नेरी लोकांनी आपल्याला पवित्र मानू नये म्हणून अर्धीच दाढी काढून रस्त्याने हिंडत, असे त्यांचे चरित्रकार लिहितात. मध्ययुगीन फ्रान्समधील त्या डोंबाऱ्याची कथाही प्रसिद्ध आहे. मठात राहूनही त्याला लॅटिन प्रार्थना येत नव्हत्या. मग मरियामातेच्या पुतळ्यापुढे त्याने आपल्याला येणाऱ्या कोलांट्याउड्या मारल्या आणि मातेने ती भक्ती गोड मानून घेतली. विदूषकाला देवाच्या दारी मज्जाव नाही, हे ख्रिस्तसभेने फार पूर्वी ओळखले आहे. तेथे येताना तो बरोबर काय आणतो, हे मात्र पाहावे लागते.

युद्ध, आजार आणि रेडिओ

पुढे लिओची बदली रंगूनला झाली. तेथे टेरेन्स दे ला साल बंधूंच्या सेंट पॉल्स शाळेत शिकला. १९३३ साली हे कुटुंब लंडनला गेले. हिंदुस्थानात आणि ब्रह्मदेशात नोकरचाकर बाळगलेल्या माणसांना तेथे दक्षिण लंडनच्या गरीब वस्तीत, थंडीत आणि धुरात संसार मांडावा लागला. ज्या देशाला आजवर आपले घर म्हटले, त्या देशात आपण उपरे आहोत, याचा अनुभव पंधरा वर्षांच्या मुलाला आला.

दुसऱ्या महायुद्धात तो तोफखान्यात गेला. उत्तर आफ्रिका आणि इटली येथे लढला. १९४४ च्या जानेवारीत माँटे कॅसिनोच्या लढाईत, ज्या डोंगरावर संत बेनेडिक्टांचा प्राचीन मठ आहे त्या परिसरात, तो जखमी झाला. पायाची जखम भरली. मनाची भरली नाही. त्यानंतर सैनिकांच्या करमणूक-पथकात त्याला काम मिळाले आणि तेथून विनोद हाच त्याचा व्यवसाय झाला.

२८ मे १९५१ रोजी बीबीसीवर सुरू झालेला आणि पुढे ‘द गून शो’ या नावाने गाजलेला रेडिओ कार्यक्रम जानेवारी १९६० पर्यंत चालला. पीटर सेलर्स, हॅरी सीकोंब आणि सुरुवातीला मायकल बेंटाइन हे त्याचे साथीदार. बहुतांश लेखन मिलिगनचे. तर्काला सुट्टी देणारी कथानके, अशक्य आवाज, भलत्याच जागी उघडणारी दारे अशा साहित्याने त्याने युद्धोत्तर इंग्लंडला हसवले. त्यातील मेजर ब्लडनॉक हे पात्र पाहावे. पैसे खाणारा, भित्रा, आणि हिंदुस्थानातील नोकरीच्या बढाया मारणारा हा लष्करी अधिकारी नगर-पुण्याच्या छावणीतून थेट उचललेला वाटतो. एका साध्या शिपायाच्या मुलाने साम्राज्याच्या साहेबाला केलेला तो दंडवत होता.

परंतु त्याच कार्यक्रमात लालकाका आणि बॅनर्जी नावाची दोन हिंदी पात्रे येत. सेलर्स आणि मिलिगन त्यांचे हेल काढून बोलत, आणि श्रोते त्या हेलालाच हसत. ब्लडनॉकला हसताना श्रोता बलवानाला हसत होता. लालकाकाला हसताना तो कोणाला हसत होता? वरच्या दिशेने जाणारे आणि खालच्या दिशेने जाणारे, अशी दोन हसू एकाच माणसाच्या लेखणीतून निघाली, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

या यशाची किंमत जबर होती. आठवड्याला एक भाग लिहिण्याच्या ओझ्याखाली १९५२ च्या अखेरीस मिलिगनचे मन कोसळले व त्याला रुग्णालयात ठेवावे लागले. पुढे आयुष्यभर हर्ष आणि विषाद यांच्या टोकांत हेलकावणाऱ्या मनोविकाराने त्याची पाठ सोडली नाही. त्याने तो लपवला नाही. ज्या काळात घरातील मनोरुग्णाचा उल्लेखही टाळला जाई, त्या काळात तो उघडपणे बोलला आणि १९९३ साली मनोविकारतज्ज्ञ अँथनी क्लेअर यांच्या सहकार्याने विषादावर पुस्तक लिहिले. आपल्या समाजातही अशा आजाराकडे पाप, शाप किंवा बाहेरची बाधा म्हणून पाहणारी घरे आहेत. त्यांनी हा भाग विसरू नये.

भाजीच्या दुकानावरील माडी

आता कौटुंबिक मालिकांकडे वळू. पन्नाशीच्या दशकाच्या पूर्वार्धात मिलिगन आणि एरिक साइक्स यांनी, रे गॉल्टन व अ‍ॅलन सिम्प्सन या लेखकद्वयाबरोबर, विनोदी लेखकांची एक सहकारी संस्था काढली. पश्चिम लंडनच्या शेफर्ड्स बुश भागात, एका भाजीविक्रेत्याच्या दुकानावरील माडीवर तिचे कार्यालय होते. होतकरू लेखकांना तेथे टेबल मिळे, सल्ला मिळे, प्रसंगी उसने पैसेही मिळत. ब्रिटिश दूरदर्शनवरील कौटुंबिक विनोदाच्या दोन मोठ्या मालिकांचे लेखक याच माडीवर बसत होते.

गॉल्टन आणि सिम्प्सन यांची ‘स्टेप्टो अँड सन’ ही मालिका १९६२ साली सुरू झाली. भंगार गोळा करणारा म्हातारा बाप आणि त्या धंद्यातून सुटू पाहणारा, पण बापाला सोडू न शकणारा मुलगा, एवढाच तिचा संसार. त्यात विनोद होता आणि विनोदाच्या तळाशी कारुण्य होते. दुसरी मालिका जॉनी स्पाइट यांची. लंडनच्या गोदीकडील गरीब वस्तीत, आयरिश कॅथलिक घरात ते जन्मले होते. त्यांच्या मालिकेचे नावच विवाहविधीतील वचनातून घेतलेले आहे: ‘टिल डेथ अस डू पार्ट’, म्हणजे मरण आमची ताटातूट करीपर्यंत. १९६५ साली तिचा नमुना-भाग झाला, १९६६ पासून मालिका सुरू झाली आणि मधल्या खंडासह ती १९७५ पर्यंत चालली.

या मालिकेत एकच बैठकीची खोली आहे आणि त्या खोलीत चार माणसे आहेत. अ‍ॅल्फ गार्नेट हा बाप गोदीतला कामगार. राणीचा भक्त, आणि काळे लोक, परदेशी, समाजवादी व कॅथलिक या सर्वांना एका सुरात शिव्या घालणारा. त्याची बायको एल्स मोजक्या शब्दांत त्याला जमिनीवर आणते. मुलगी रीटा, आणि घरजावई माइक हा लिव्हरपूलचा, कॅथलिक घरातला, डाव्या विचारांचा. जेवणाच्या टेबलावर दर आठवड्याला यांचे रण माजे. स्पाइट यांचा हेतू स्पष्ट होता: पूर्वग्रहाला इतके बोलू द्यायचे, की त्याचे त्यालाच हसू व्हावे.

ब्रिटनमध्ये नाताळ आणि दूरदर्शन यांचे नाते घट्ट आहे. १९५८ पासून १९७२ पर्यंत बीबीसी नाताळच्या रात्री ‘ख्रिसमस नाइट विथ द स्टार्स’ हा कार्यक्रम दाखवीत असे. त्यात वर्षभर लोकप्रिय ठरलेल्या विनोदी मालिकांचे, त्या रात्रीसाठी मुद्दाम तयार केलेले, काही मिनिटांचे छोटे भाग असत. ‘स्टेप्टो अँड सन’चे असे भाग झाले आणि १९७१ च्या नाताळात गार्नेट कुटुंबही याच कार्यक्रमात आले. छोट्या भागाचे शास्त्र मोठ्या भागाहून वेगळे असते. कथानक बांधायला सवड नसते. पात्रांची ओळख करून देण्याची गरज नसते, कारण प्रेक्षक त्यांना घरच्या माणसांप्रमाणे ओळखतो. दार उघडताच, पहिला शब्द उच्चारण्यापूर्वी, हसू सुरू होते. म्हणजेच असा भाग सर्वस्वी ओळखीवर उभा असतो. माणसाबद्दल आपल्या मनात जो साचा आधीच तयार आहे, त्याचीच तेथे पुनरावृत्ती होते. म्हणूनच तो साचा कोणता आहे, ही गोष्ट छोट्या भागात अधिक मोलाची ठरते.

हसू उलटते तेव्हा

अ‍ॅल्फ गार्नेटच्या बाबतीत स्पाइट यांचा हेतू सर्वत्र साधला नाही. वॉरन मिचेल हा ज्यू वंशाचा नट अ‍ॅल्फची भूमिका करीत असे, आणि त्याला रस्त्यात भेटून ‘तू बोललास ते अगदी खरे’ अशी शाबासकी देणारे लोक होते. ज्याला हसायचे, त्यालाच काही प्रेक्षकांनी आपला प्रवक्ता मानले. याच मालिकेवरून अमेरिकेत १९७१ साली ‘ऑल इन द फॅमिली’ सुरू झाली. तिच्या प्रेक्षकांचा अभ्यास नील विडमार आणि मिल्टन रोकीच या संशोधकांनी १९७४ साली प्रसिद्ध केला. ज्यांच्या मनात पूर्वग्रह अधिक होता, ते प्रेक्षक पूर्वग्रही बापाचीच बाजू घेत आणि वादात तोच जिंकतो असे त्यांना वाटे, असे त्या अभ्यासात दिसून आले. लेखक आरसा धरतो. पण आरशात काय पाहायचे ते पाहणाराच ठरवतो.

आणि येथेच आपल्या नगरच्या विदूषकाचा पाय घसरला. १९६९ च्या अखेरीस लंडन वीकएंड टेलिव्हिजनने स्पाइट यांची ‘करी अँड चिप्स’ ही मालिका दाखवली. मिलिगनने तोंडाला तपकिरी रंग फासून केव्हिन ओग्रेडी या अर्ध्या आयरिश, अर्ध्या पाकिस्तानी कामगाराची भूमिका केली. हेतू पुन्हा कारखान्यातील वर्णद्वेष उघडा पाडण्याचा. पण सहा भागांत अपशब्दांची जी सरबत्ती झाली तिने लोक संतापले आणि नियंत्रक मंडळाच्या दडपणामुळे मालिका बंद करावी लागली. त्याच धर्तीची भूमिका घेऊन मिलिगन १९७४ साली ‘टिल डेथ अस डू पार्ट’च्या एका भागात आला. १९७५ साली त्याने स्वतः लिहिलेल्या ‘द मेल्टिंग पॉट’ या मालिकेचा एकच भाग बीबीसीने दाखवला. चित्रित झालेले उरलेले भाग प्रेक्षकांपुढे आलेच नाहीत.

मिलिगनचे हिंदुस्थानवर प्रेम नव्हते असे कोणी म्हणणार नाही. आपल्या बालपणाचा देश म्हणून तो नेहमी जिव्हाळ्याने बोलत असे. आयरिश-पाकिस्तानी हे विचित्र मिश्रण म्हणजे एका परीने त्याचेच चित्र होते: कोठेच पुरता न सामावलेला माणूस. तरीही जे दुसऱ्यांना रोज सोसावे लागत होते, ते त्याला नाटकापुरतेच सोसावे लागले. त्याला खेळ संपल्यावर तोंड धुता येत होते. इंग्लंडच्या कारखान्यात काम करणाऱ्या पंजाबी वा गुजराती कामगाराला आपला रंग धुऊन टाकता येत नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत त्याच्या मुलाला आदल्या रात्रीचा विनोद ऐकावा लागत होता.

आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील देवळालीही या इतिहासात येते. तेथे तोफखान्याचा मोठा तळ होता. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत तेथे महिनोन् महिने अडकलेल्या गोऱ्या शिपायांच्या डोक्यावर परिणाम होई, यावरून इंग्रजीत वेडसरपणासाठी ‘डूलॅली’ हा शब्दच रूढ झाला. जिमी पेरी यांनी देवळालीत सैनिकांच्या करमणूक-पथकात काम केले होते. त्या आठवणींवर त्यांनी डेव्हिड क्रॉफ्ट यांच्यासह ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ ही मालिका रचली. १९७४ ते १९८१ या काळात तिचे ५६ भाग झाले. त्यात रंगी राम या हिंदी नोकराची मुख्य भूमिका मायकल बेट्स या गोऱ्या नटाने चेहरा रंगवून केली. बेट्स झाशीत जन्मलेला, त्याला उर्दू भाषा उत्तम येत होती. तरीही देवळालीच्या माणसाची जागा देवळालीच्या माणसाला मिळाली नाही. पुढच्या काळात बीबीसीने ही मालिका पुन्हा दाखवण्याचे टाळले, ते याच कारणाने.

उत्तर पुढच्या पिढीने दिले. पीटर सेलर्सने हिंदी डॉक्टरचे सोंग घेऊन १९६० साली गायलेल्या विनोदी गाण्याचे शब्द ब्रिटनमधील भारतीय वंशाच्या कलावंतांनी आपल्या कार्यक्रमाला नाव म्हणून घेतले: ‘गुडनेस ग्रेशस मी’. १९९६ साली रेडिओवर आणि १९९८ पासून दूरदर्शनवर संजीव भास्कर, मीरा स्याल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजांना हसवले. त्यांतील एका प्रसिद्ध प्रवेशात हिंदी मित्रमंडळी इंग्रजी जेवण जेवायला हॉटेलात जाते आणि तेथील गोऱ्या वाढप्याशी अशी वागते, जसे इंग्रज गिऱ्हाईक हिंदी वाढप्याशी वागते. त्याहून अधिक ते आपल्या आईबापांना, आपल्या लग्नांना, आपल्या बढायांना हसले. ज्यांच्यावर विनोद होत होते त्यांच्या हाती लेखणी आली आणि विनोदाची चवच पालटली.

आपल्या घरातील हसू

मराठीत ही वाट जुनी आहे. चि. वि. जोशी यांचा चिमणराव स्वतःची फजिती स्वतः सांगतो. म्हणूनच सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी चिमणराव व गुंड्याभाऊ मुंबई दूरदर्शनवर उभे केले, तेव्हा प्रत्येक घराला ते आपलेच वाटले. त्याआधी आकाशवाणीवरील ‘पुन्हा प्रपंच’मधील टेकाडे भावजी आणि मीनावहिनी यांनीही घरातल्यांनाच घरातले दाखवले.

आणि नगरच्या मातीत उमटलेला याचा सर्वोत्तम दाखला म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. सोवळ्याओवळ्याच्या संस्कारांत वाढलेली, पतीच्या धर्मांतराने होरपळलेली ही स्त्री आपल्या दुःखाचे भांडवल करीत नाही आणि जुन्या समाजावर सूडही उगवीत नाही. सासऱ्यांचा संताप, टिळकांचा विसराळूपणा, स्वतःची भाबडी समजूत या सर्वांना ती हसते. पण तिच्या हसण्याने कोणी लहान होत नाही. आपल्याच अंगावर प्रथम वार घेऊन मग ती इतरांकडे वळते, म्हणून तिचा विनोद सोसवतो.

नगर जिल्ह्यातील आपल्या धर्मग्रामांच्या बाबतीत ही गोष्ट अधिक जिव्हाळ्याची आहे. येथील बहुसंख्य कॅथलिक कुटुंबांचे पूर्वज गावकुसाबाहेर राहत होते. त्यांच्या बोलीला, त्यांच्या अन्नाला, त्यांच्या आडनावांना पिढ्यान्‌पिढ्या गाव हसले आहे. हसण्याने माणूस कसा बाहेर उभा केला जातो, हे समजण्यासाठी आपल्याला लंडनच्या मालिकांची साक्ष काढण्याची गरज नाही. आणि तरीही आपल्याच नाताळ-संमेलनातील नाटुकल्यांकडे प्रामाणिकपणे पाहावे. मंचावर येताच हशा मिळावा म्हणून आपण कोणती पात्रे आणतो? तोतरा बोलणारा नोकर, ऊसतोडीला गेलेला अडाणी पाहुणा, काळ्या रंगावरून हिणवली जाणारी सून, वेडसर म्हणून हाकलला जाणारा भाऊ. दहा मिनिटांच्या प्रवेशाला साचा लागतो, हे खरे. परंतु समोरच्या सतरंजीवर तोतरे बोलणारे मूल बसलेले असते, आणि त्याच्या आईला सर्वांबरोबर हसावे लागते. त्याऐवजी पाळकीय मंडळाच्या सभेत खुर्चीसाठी होणारी ओढाताण, लग्नातील आहेराची यादी, मुंबईहून आल्यावर आपलीच बोली विसरणारे आपण, असे कितीतरी विषय आपल्या अंगणात पडून आहेत. त्यांना हसताना कोणाच्या डोळ्यांत पाणी येणार नाही. आले तर ते हसण्याचेच असेल.

मिलिगनचे उत्तरायुष्य त्याच्याच एखाद्या प्रहसनासारखे गेले. ब्रिटिश फौजेत बापाने वर्षानुवर्षे नोकरी केली, स्वतः रक्त सांडले. परंतु नागरिकत्वाच्या नव्या नियमांत, हिंदुस्थानात जन्मलेल्या आयरिश बापाच्या या मुलाला राजनिष्ठेची शपथ घेण्यास सांगण्यात आले. त्याने ती नाकारली आणि १९६२ साली तो आयर्लंडचा नागरिक झाला. त्यामुळे २००१ साली मिळालेला ‘नाइट’चा किताबही परदेशी माणसाला देतात तसा मानद होता. २७ फेब्रुवारी २००२ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी तो वारला. आपण आजारी असल्याचे आपण सांगितलेच होते, अशा अर्थाचे एक वाक्य आपल्या थडग्यावर कोरावे, अशी त्याची इच्छा होती. चर्चच्या अधिकाऱ्यांनी ते इंग्रजीत कोरू दिले नाही. अखेर आयरिश भाषेत कोरण्यास परवानगी मिळाली. विंचेलसी गावच्या चर्चच्या आवारात आज ते वाचायला मिळते. त्यात थट्टा आहे, आणि मनोरुग्णाचे म्हणणे वेळीच न ऐकणाऱ्या जगाला दिलेला ठपकाही आहे.

पुण्याच्या शाळेतील त्या आठ वर्षांच्या मुलाचा हट्ट रास्तच होता. गव्हाणीपाशी विदूषकाला जागा आहे, कारण तेथे कोणालाच मज्जाव नाही. मात्र त्या जागेचा एक नियम आहे. तेथे आधीच उभ्या असलेल्या मेंढपाळाला, त्याच्या फाटक्या घोंगडीला आणि त्याच्या गावंढळ बोलीला हसून ती जागा मिळवता येत नाही. देवदूताने आनंदाची वार्ता पहिल्यांदा त्या मेंढपाळालाच सांगितली होती. येत्या नाताळात नाटुकलीची वही उघडताना एवढे ध्यानात राहिले, तरी नगरात जन्मलेल्या या माणसाच्या यशाने आणि अपयशाने आपल्याला पुष्कळ काही दिले असे म्हणता येईल.